डोक्यामागची जखम

‘शय्याव्रण’ म्हटलं की डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र उभं राहतं. पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले आजोबा, कमरेखाली माकडहाडाच्या वर सोलवटलेली कातडी, दर दोन-तीन तासांनी कूस बदलून देणारी सून किंवा नर्स, आणि पाठीखाली हवेची गादी. हे चित्र शब्दांनीच पक्कं करून ठेवलं आहे. इंग्रजीतला ‘बेडसोअर’ खाटेचं नाव घेतो, डॉक्टरांच्या तोंडी असलेला ‘डेक्युबिटस’ लॅटिनमधल्या आडवं पडण्याच्या क्रियेवरून आला, आणि आपला शय्याव्रण तर थेट शय्येकडेच बोट दाखवतो. या चित्रात लहान मूल कुठेच नाही. पण हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात निजवलेल्या वर्षा-दीड वर्षाच्या बाळाचं डोकं चौथ्या दिवशी हलकेच उचलून मागचे केस बाजूला सारले, तर कधीकधी तिथे रुपयाएवढा जांभळट डाग सापडतो. बोट ठेवलं तर तेवढाच भाग कोमट आणि टणक लागतो. पुढे ती कातडी काळी पडते, खपली धरते, आणि जखम खोलवर गेली असेल तर त्या जागी पुन्हा केस उगवत नाहीत. छातीवरचा टाक्यांचा व्रण सदऱ्याखाली झाकला जातो. डोक्यामागचं हे टक्कल मात्र शाळेत मागच्या बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाला दिसत राहतं.

मुलांना अशा जखमा का होतात, कोणत्या मुलाला धोका जास्त, हा प्रश्न वैद्यकानं गांभीर्यानं विचारायला विसाव्या शतकाची शेवटची दोन दशकं उजाडावी लागली. जखमा त्याआधी होत नव्हत्या असं नाही. त्या होत होत्या, नर्सना दिसत होत्या, पण वेगवेगळ्या नावांखाली विखुरल्यामुळे एका ठिकाणी मोजल्या गेल्या नाहीत. शिवाय धोका मोजायच्या पट्ट्या म्हाताऱ्या शरीरांवरून बेतलेल्या होत्या. त्या मुलाला लावल्या की मुलाच्या धोक्याचा मोठा भाग पट्टीबाहेरच राही. कारण हा धोका मुलाच्या प्रकृतीत जेवढा असतो, त्याहून जास्त आपण त्याच्यावर करत असलेल्या उपचारांत असतो. मूल वाचवणाऱ्या प्रत्येक नव्या साधनानं आपली स्वतःची एक जखम सोबत आणली, असंच गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास सांगतो.

सुरुवात प्रौढांपासूनच करावी लागते, कारण सगळा जुना पुरावा त्यांचाच आहे. फ्रेंच शल्यवैद्य ऑम्ब्रोआज पारे यानं १५६९ साली मांडीत गोळी लागून कित्येक महिने पडून असलेल्या एका सरदारावर उपचार केले. त्याच्या बैठकीवरची जखम पाहून पारेनं मऊ उशीनं तिथला भार काढला आणि चांगलं खाऊपिऊ घातलं. म्हणजे दाब आणि पोषण ही दोन सूत्रं साडेचारशे वर्षांपूर्वीच हाती आली होती. एकोणिसाव्या शतकात वाद पेटला तो कारणाचा. १८५०च्या दशकात ब्राउन-सेकार यानं मज्जारज्जू तोडलेल्या प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं, की अंग स्वच्छ, कोरडं ठेवलं आणि एकाच जागी दाब पडू दिला नाही तर त्या प्राण्यांनाही जखमा होत नाहीत. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या शार्को याचं म्हणणं उलट होतं. मेंदू किंवा मज्जारज्जू बिघडला की कातडीचं पोषणच थांबतं आणि जखम अटळ होते, असं तो मानी. शार्कोचा दबदबा मोठा, त्यामुळे ‘अटळ’ हा शब्द दीर्घकाळ टिकला. तिकडे फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५९च्या आपल्या पुस्तकात ही जखम बहुधा रोगाची नसून शुश्रूषेतल्या चुकीची खूण असते, असं स्पष्ट बजावलं होतं. लंडनमध्ये नील अर्नॉट या डॉक्टरनं १८३२ मध्येच पाण्याची गादी तयार केली होती, आणि तिचं पेटंट घ्यायला नकार दिला होता. दाब, मज्जातंतू, शुश्रूषा, गादी या चार शब्दांत त्या काळचा सगळा वाद मावतो. तो झडत होता जखमी सैनिक, पक्षाघाताचे रोगी आणि साल्पेत्रिएरमधल्या म्हाताऱ्या बायका यांच्या खाटांभोवती.

याच काळात मुलांची वेगळी रुग्णालयं उभी राहत होती. पॅरिसचं १८०२ मध्ये, आणि लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरचं चार्ल्स वेस्ट यांचं १८५२ मध्ये, अवघ्या १० खाटांचं. हाडांचा आणि मणक्यांचा क्षय हा तेव्हा मुलांचा मोठा शत्रू होता. औषध नव्हतं, म्हणून हाड हलू द्यायचं नाही हाच उपचार. ह्यू ओवेन थॉमस यानं लिव्हरपूलमध्ये लोखंडी कांबीचे स्प्लिंट घडवले. डच लष्करी डॉक्टर मॅथायसेन यानं १८५०च्या सुमारास प्लास्टरची पट्टी शोधून काढल्यावर तर मुलाला मानेपासून गुडघ्यापर्यंत पांढऱ्या कवचात बंद करणं सोपं झालं. इंग्लंडमध्ये १९०० नंतर बॅसचर्च, ऑल्टन अशा गावी मुलांची मोकळ्या हवेतली रुग्णालयं निघाली. तिथे मुलं लाकडी किंवा लोखंडी चौकटीला बांधलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, उताणी पडून असत. टाच, घोटा, कमरेच्या हाडाची धार, पाठीचा बाक जिथे चौकटीला टेकतो ती जागा, असं कुठेही हाड आणि कठीण वस्तू यांच्यामध्ये चिमटलेली कातडी मरायची. जुन्या नर्सना हे पक्कं ठाऊक होतं. रोज सकाळी त्या प्लास्टरवरून तळहात फिरवून एखादा भाग गरम लागतो का ते पाहत. प्लास्टरच्या कडेशी नाक नेऊन वास घेत. उगाच किरकिर करणाऱ्या, रात्री न झोपणाऱ्या मुलाला ‘हट्टी’ म्हणून गप्प बसवू नका, असं नव्या पोरींना शिकवत. मुलं खाज सुटली म्हणून नाणी, मणी, पेन्सिलीचे तुकडे प्लास्टरमध्ये सारत आणि ती आत रुतून बसत, म्हणून कडेला मऊ कापडाच्या झालरी लावत. हे ज्ञान हातातलं होतं आणि नेमकं होतं. पण या जखमेला ‘प्लास्टरची जखम’ किंवा ‘स्प्लिंटची जखम’ म्हणत, आणि ती अस्थिशल्यचिकित्सेच्या पुस्तकात जाई. बेडसोअरच्या प्रकरणात ती आली नाही, कारण मूल खाटेमुळे जखमी झालं नव्हतं. एकाच दुखण्याचे दोन हिशेब दोन वह्यांत राहिले, आणि मुलांची वही कुणी बेरजेला घेतलीच नाही.

पोलिओनं हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा केला. १९२८ साली बोस्टनमध्ये फिलिप ड्रिंकर आणि लुईस शॉ यांचं श्वसनयंत्र पहिल्यांदा एका आठ वर्षांच्या मुलीवर वापरलं गेलं. लोखंडी पिंपासारख्या त्या यंत्रात सगळं अंग आत आणि डोकं तेवढं बाहेर. हवा निसटू नये म्हणून गळ्याभोवती रबराची पट्टी घट्ट आवळलेली, त्यामुळे मान घासून निघायची. अंग पुसायचं, कूस बदलायची तर पिंपाच्या बाजूच्या झरोक्यांतून हात घालून. पोलिओची ही लाट आपल्याकडेही होती. मुंबईत १९४७ साली फातिमा इस्माइल यांनी पांगळ्या झालेल्या मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली, आणि हाजी अलीजवळचं मुलांचं अस्थिरुग्णालय त्यातूनच उभं राहिलं. कॅलिपर लावून ठक्‌ठक्‌ चालणारं मूल महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्याला परिचयाचं होतं. आता इथे एक गोष्ट बारकाईनं पाहण्यासारखी आहे. पोलिओत स्नायू लुळे पडतात, संवेदना मात्र शाबूत राहते. पोलिओ झालेल्या मुलाला पाय हलवता येत नाही, पण टाचेला रग लागली की ते रडतं, आईला हाक मारतं, आणि कुणीतरी पाय उचलून जरा बाजूला ठेवतं. कातडी वाचवणारं पहिलं यंत्र म्हणजे वेदना, आणि दुसरं त्या वेदनेला धावून येणारं माणूस. ही दोन्ही जागेवर असली की हालचाल बंद असलेलं मूलसुद्धा बरंचसं सुरक्षित राहतं.

संवेदनाच नसेल तर काय होतं, ते दुसऱ्या एका मुलावरून कळतं. मणक्याचा भाग जन्मतः उघडा राहिलेली मुलं, ज्यांना स्पायना बायफिडा आहे म्हणतात, पूर्वी बहुतेक लहानपणीच दगावत. त्यांच्या डोक्यात पाणी साठे, आणि त्यावर उपाय नव्हता. फिलाडेल्फियात जॉन होल्टर नावाच्या यंत्र कारागिराच्या मुलाला, केसीला, हाच विकार होता. होल्टरनं १९५६ साली सर्जन यूजीन स्पिट्झ यांच्यासोबत काम करत डोक्यातलं पाणी काढून नेणारी झडप बनवली. या झडपेनं हजारो मुलं जगली, वाढली, चाकाच्या खुर्चीत बसून शाळेत गेली. आणि मग त्यांच्या बैठकीवर, पायांवर, घट्ट बुटांच्या आत जखमा होऊ लागल्या, कारण कमरेखाली त्यांना काहीच जाणवत नव्हतं. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या ५२४ रुग्णांच्या नोंदी पाहून १९८३ साली छापलेल्या एका अहवालात ४३ टक्क्यांना कधी ना कधी कातडी फुटण्याचा त्रास झाल्याचं दिसलं. आधीच्या पिढीत हा प्रश्नच नव्हता, कारण तो पडण्याइतकं ही मुलं जगतच नव्हती.

यावर वाचक म्हणेल, मग शार्कोचंच खरं ठरलं की. मज्जातंतू गेले तिथे जखम झाली. पण पोलिओचं मूल आणि स्पायना बायफिडाचं मूल शेजारी ठेवून पाहिलं की शार्कोची चूक नेमकी कुठे होती ते लक्षात येतं. मज्जातंतू बिघडल्यानं कातडी आपोआप कुजत नाही. दाब कळवणारा निरोप्या नाहीसा होतो, आणि तो निरोप दुसऱ्या कुणी आणला नाही तर दाब तसाच राहतो. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे १९४४ साली लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांना दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कुशीवर वळवायला सुरुवात केली आणि ज्यांच्या जखमा अटळ मानल्या जात त्यांची कातडी शाबूत राखून दाखवली. हा युक्तिवाद मुलांच्या बाबतीत फार महत्त्वाचा ठरतो, कारण पुढच्या काळात निरोगी मज्जातंतू असलेल्या मुलांचा निरोप्या आपणच औषध देऊन झोपवू लागलो.

तो काळ सुरू झाला कोपनहेगनमध्ये. १९५२च्या पोलिओच्या साथीत बियोर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं १२ वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छिद्र पाडून नळी घातली आणि रबरी पिशवी हातानं दाबून तिला श्वास दिला. नंतर वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून अशा कित्येक रुग्णांच्या पिशव्या दिवसरात्र दाबल्या. आजचा अतिदक्षता विभाग जन्मला तो इथे. नळी घशात सहन व्हावी म्हणून गुंगीचं औषध आलं, आणि मुलानं यंत्राशी झगडू नये म्हणून स्नायू ढिले करणारं औषध आलं. आता मुलाला ना हलता येतं ना दुखल्याचं सांगता येतं. चार-पाच दिवसांसाठी का होईना, आपण त्याला त्या सिअ‍ॅटलच्या मुलांच्या जागी नेऊन ठेवतो. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांत सतत हवेचा दाब ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज तीच नाकातल्या दोन छोट्या नळ्यांतून दिली जाते. हजार ग्रॅमचं बाळ तिच्यामुळे जगतं, आणि त्याच्या नाकाच्या मधल्या नाजूक पडद्यावर त्याच नळ्यांचा भार चोवीस तास असतो. स्वित्झर्लंडमध्ये अशा ९८९ बाळांची पाहणी झाली. २०१० साली तिचे निष्कर्ष छापले तेव्हा ४२.५ टक्क्यांच्या नाकाला इजा झालेली निघाली. बहुतेक इजा वरवरच्या होत्या, पण काहींचा पडदा झिजला होता. १९७४ साली जपानच्या ताकुओ आओयागी यांनी कानाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजायची युक्ती काढली. त्या चिमट्याचं छोटं रूप बाळाच्या पायाच्या अंगठ्याला चिकटपट्टीनं गुंडाळतात, आणि जागा बदलायला विसरलं तर अंगठ्यावर खूण उठते. मानेची कॉलर, श्वासनळीचा टेप, कॅथेटरचा जोड, डोक्याला चिकटवलेले ईईजीचे बिंदू, या प्रत्येकाची आपापली ठरलेली जागा असते, आणि ठरलेली जखमही.

हे सगळं वॉर्डात घडत असताना संशोधक काय मोजत होते? यूजीन लँडिस यांनी १९३० साली निरोगी माणसांच्या नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिनीत सूक्ष्म सुई घालून रक्ताचा दाब मोजला. धमनीकडच्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा आला. पुढे कित्येक दशकं गाद्या विकणाऱ्यांपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत सगळ्यांनी हा आकडा कातडी मरण्याची सीमारेषा म्हणून वापरला. लँडिसनं असं काहीच म्हटलेलं नव्हतं. अपुऱ्या दिवसांच्या, रक्तदाब ढासळलेल्या बाळाच्या डोक्याच्या कातडीला प्रौढाच्या नखाचा आकडा लावण्यात अर्थ नाही, हे कुणाच्या लक्षात यायला फार उशीर लागला. मायकेल कोसियाक यांनी १९५९ साली कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं, की मोठा दाब थोडा वेळ किंवा कमी दाब फार वेळ, दोन्ही सारखेच घातक. हे तत्त्व वयाला बांधलेलं नाही, आणि मुलांच्या बाबतीत ते तंतोतंत खरं आहे. पण धोका कुणाला, हे ठरवणारी पहिली पद्धतशीर पट्टी डोरीन नॉर्टन आणि सहकाऱ्यांनी १९६२ साली लंडनमध्ये तयार केली ती वृद्धांच्या वॉर्डात. शरीराची स्थिती, मनाची स्थिती, चालणं-फिरणं, अंगाची हालचाल, आणि मलमूत्रावर ताबा, असे तिचे पाच मुद्दे. नॉर्टन यांचं काम मोठं आहे. पाठीला स्पिरिट चोळणं, पावडर लावणं असले पिढीजात उपाय निरुपयोगी आहेत आणि वेळच्या वेळी कूस बदलणं उपयोगी आहे, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवलं. पण हीच पट्टी दहा महिन्यांच्या बाळाला लावून पाहा. बाळ चालत नाही, गुण कमी. लंगोट ओला करतं, गुण कमी. स्थळकाळाचं भान नाही, गुण कमी. धडधाकट बाळ अति धोक्यात जाऊन बसेल, आणि घरी खेळणाऱ्या बाळात नि व्हेंटिलेटरवरच्या बाळात पट्टीला फारसा फरकच दिसणार नाही. जिथे सगळेच धोक्यात दिसतात तिथे खरा धोका कुणाला आहे ते कळत नाही. ब्रेडन आणि बर्गस्ट्रॉम यांची १९८७ची पट्टी जास्त बारकाईची होती, तिच्यात पोषण, ओल आणि घर्षण आलं, पण तीही प्रौढांच्याच अंगावर बेतलेली.

बाळाचं शरीर म्हणजे प्रौढाची छोटी प्रत नसते. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळपास चौथा हिस्सा असतं, प्रौढाचं आठवा. उताण्या निजलेल्या बाळाचा भार कमरेखाली पडत नाही, डोक्याच्या मागच्या बाजूवर पडतो, आणि तिथे कातडी नि हाड यांच्यामध्ये चरबीचा थर जवळजवळ नसतोच. १९८८ साली काही संशोधकांनी उताण्या मुलांच्या अंगाखालचा दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा लहान मुलांत सर्वांत जास्त दाब डोक्याखाली आणि दहा वर्षांपुढे हळूहळू कमरेखाली सरकलेला आढळला. घरोघरच्या बायकांना हे वेगळ्या वाटेनं ठाऊक होतं. महाराष्ट्रात बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी ठेवतात, ती डोकं एका बाजूनं चपटं होऊ नये म्हणून. त्या उशीनं जखम टळते असा दावा मी करणार नाही, आणि आज बालरोगतज्ज्ञ तान्ह्या बाळाला उशी देऊ नका असंच सांगतात. पण बाळाचा भार कुठे पडतो, हे आजीला दिसत होतं. १९८९ साली अमेरिकेत हृदयाच्या खुल्या शस्त्रक्रिया झालेल्या मुलांबद्दलचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी १६.९ टक्के मुलांच्या डोक्यामागे जखम झालेली होती. नर्सनी ठरवून दर दोन तासांनी डोक्याची बाजू बदलायला सुरुवात केली, आणि प्रमाण ४.८ टक्क्यांवर आलं. नवं यंत्र आणलं नव्हतं, नवं औषध दिलं नव्हतं. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा पुरावा हाच आहे.

मुलांची वेगळी पट्टी त्यानंतर आली. सँडी क्विग्ली आणि मार्था कर्ली या बालरुग्णांच्या परिचारिकांनी १९९६ साली ब्रेडनची पट्टी मुलांसाठी बदलली आणि तिला सातवा मुद्दा जोडला, तो रक्ताभिसरण आणि प्राणवायूचा. कारण अतिदक्षतेतल्या मुलाची कातडी अनेकदा दाबाआधी रक्ताअभावीच खचलेली असते. २००३ साली तिची कसोटी झाली. तीन अतिदक्षता विभागांतल्या ३२२ मुलांपैकी ८६ जणांना, म्हणजे २७ टक्क्यांना, मिळून १९९ दाबव्रण झाले. मुलांना असं होत नाही, ही समजूत त्या आकड्यापुढे उभी राहू शकत नव्हती. वेल्समध्ये जेन विलॉक यांनी ग्लॅमॉर्गन पट्टी बनवली तेव्हा कातडीवर दाबणाऱ्या, घासणाऱ्या साधनांना आणि कठीण पृष्ठभागांना तिच्यात स्वतंत्र, भरघोस गुण दिले. क्विग्ली आणि कर्ली यांनी २०१८ साली आपलीच पट्टी पुन्हा दुरुस्त केली. आठ रुग्णालयांतल्या ६२५ मुलांत त्यांना ८६ इजा सापडल्या. त्यांतल्या पडून राहण्यामुळे झालेल्या फक्त २२ होत्या. उरलेल्या ६४ उपचारांच्या साधनांखाली झाल्या होत्या. म्हणून नव्या पट्टीत अंगावरच्या साधनांची संख्या आणि ती हलवता येतात की नाही, हे मुद्दे आले. जुन्या नर्स प्लास्टरच्या कडेशी नाक नेऊन जे शोधत होत्या, ते शंभर वर्षांनी धोक्याच्या यादीत नोंदलं गेलं. दरम्यान २०१६ साली अमेरिकेतल्या दाबव्रणांविषयीच्या राष्ट्रीय सल्लागार मंडळानं ‘अल्सर’ऐवजी ‘इजा’ हा शब्द घेतला, आणि साधनांमुळे होणाऱ्या इजेला स्वतःचं नाव दिलं. नाव मिळालं म्हणून मोजणी सोपी झाली.

या मांडणीवर एक मोठा आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. मूल मरणाच्या दारातून परत आणायचं असेल तर नाकावर एक खूण उठणारच, तिचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. जीव आणि कातडी यांत निवड करायची वेळ आली तर कुठलाही सुज्ञ माणूस जीवच निवडेल. पण १६.९ वरून ४.८ वर आलेल्या त्या मुलांच्या बाबतीत अशी निवड करावीच लागली नव्हती. शस्त्रक्रिया तीच, व्हेंटिलेटर तेच, फक्त डोकं फिरवलं गेलं. जखम ही जीव वाचवण्याची किंमत असेल तर ती नुसतं डोकं फिरवल्यानं एवढी कमी कशी झाली? खरोखर न टळणाऱ्या जखमा असतात. रक्तदाब इतका घसरलेला असतो की मुलाला जराही हलवलं तर हृदय थांबेल, अशा रात्री असतात. पण ‘अटळ’ हा शब्द शार्कोच्या काळापासून फार स्वस्तात वापरला गेला आहे, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी वळवून, हलवून, उचलून पाहिल्यावर त्याची हद्द मागे सरकली आहे.

दुसरा आक्षेप पट्ट्यांबद्दल आहे आणि तो बराचसा खरा आहे. २००३च्या कसोटीत १६ गुणांच्या रेषेवर त्या पट्टीनं जखम झालेल्या मुलांपैकी ८८ टक्के आधी ओळखली, पण जखम न झालेल्यांपैकीही ४२ टक्के मुलांना धोक्यात घातलं. अनुभवी नर्सची नजर यापेक्षा काय वाईट? माझं म्हणणं असं, की पट्टीचं मोल भविष्य सांगण्यात थोडंच आहे. ती कागदावर रोज एक प्रश्न विचारते, आणि त्यामुळे जी गोष्ट एका नर्सच्या नजरेत राहिली असती ती पुढच्या पाळीच्या नर्सलाही दिसते. नाइटिंगेलनं ही शुश्रूषेची चूक ठरवली, तिचा हेतू चांगला होता, पण चूक म्हटलं की लपवणंही आलं. लाजेपोटी न लिहिलेल्या जखमेपेक्षा, पट्टीवर आधीच धोका लिहून ठेवलेल्या मुलाची जखम नोंदवणं माणसाला सोपं जातं, असं मला वाटतं.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, आणि या युरोप-अमेरिकेतल्या पट्ट्यांबरोबर ती आपोआप येत नाही. पहिल्या पायरीची इजा ओळखायची खूण म्हणून पुस्तकं लाली सांगतात, बोटानं दाबल्यावरही न जाणारी. गोऱ्या कातडीवर ती पटकन दिसते. आपल्याकडच्या गव्हाळ, सावळ्या, काळ्या मुलांच्या अंगावर ती दिसेलच असं नाही. तिथला रंग किंचित गडद किंवा जांभळट होतो, आणि कित्येकदा रंग बदललेलाच नसतो. म्हणून आपल्या वॉर्डात डोळ्यांपेक्षा बोटांवर जास्त विसंबावं लागतं. शेजारच्या जागेपेक्षा गरम किंवा गार, टणक किंवा लिबलिबीत, हाच फरक पहिला इशारा असतो. पोषणाचाही मुद्दा आहे. ग्लॅमॉर्गन पट्टीत रक्तातलं हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन कमी असण्याला गुण आहेत. ज्या प्रदेशात रक्तक्षय असलेली मुलं रुग्णालयात येणं ही रोजची गोष्ट आहे, तिथे मूल दारातून आत येतानाच काही धोका अंगावर घेऊन येतं. एका नर्सकडे किती खाटा, यावर डोकं दर दोन तासांनी फिरेल की आठ तासांनी हे ठरतं. हा मुद्दा कुठल्याच पट्टीत नाही, आणि तो धोक्याचा घटक नाही असं मात्र कुणी म्हणू शकणार नाही.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या आईवडिलांना यातली कुठलीच नळी, टेप किंवा चिमटा स्वतःहून हलवायचा अधिकार नाही, आणि हलवूही नये. पण भेटीच्या त्या दहा मिनिटांत त्यांनी नर्सला विचारावं: सिस्टर, बाळाचं डोकं शेवटचं कधी फिरवलं? पायाचा चिमटा कुठल्या बोटावरून कुठल्या बोटावर गेला? नाकाखालची पट्टी काढून आज पाहिलंत का? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. गुंगीत निजलेल्या मुलाला स्वतः रडून सांगता येत नाही, तेवढंच त्याच्या वतीनं आपण विचारायचं आहे.